तपासणीच्या दिवशी घरी ठेवलेली पोरं

मंचरच्या बाजारात अजूनही कोणी ना कोणी भेटतं आणि म्हणतं, "बाई, तुमची नोकरी बरी होती. जीपमधून फिरायचं, पोरांना जीभ काढायला सांगायची आणि घरी यायचं." मी पिशवीतली मेथी सारखी करते आणि पुढे चालू लागते. खरं उत्तर द्यायला बसले तर मेथी सुकून जाईल. म्हणून ते उत्तर इथे देते. ज्यांना जीपचा हेवा वाटतो त्यांनी हे जरूर वाचावं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका. लोकांच्या तोंडी नर्सबाई. डिंभे धरणाच्या खालपासून घोड नदीच्या दोन्ही अंगांची गावं आमच्याकडे होती. लसी टोचणं, बाळंतपणं, कुटुंब नियोजनाच्या कामासाठी दारोदार हिंडून बोलणी खाणं, हे रोजचं. त्यात वर्षातून एकदा प्रत्येक शाळेची आरोग्य तपासणी असायची. पुण्याच्या काही शाळांत म्हणे कायमची नर्स असते, तिला खोली असते, पलंग असतो. आमच्याकडे पोरांना रांगेत उभं करायचं, वजन-उंची घ्यायची, भिंतीवरचा तक्ता वाचायला लावायचा, कान, दात, कातडी बघायची. डॉक्टर छातीला नळी लावायचे. किरकोळ दुखणं असेल तर औषध तिथंच, मोठं असेल तर मंचरचा सरकारी दवाखाना, त्याहून मोठं असेल तर पुणे. आणि शाळेच्या तपासणीत सापडलेलं दुखणं असलं, तर त्या मुलाचं मोठं ऑपरेशनसुद्धा सरकार फुकट करून द्यायचं. कागदावर ही योजना इतकी चांगली होती की वाचून डोळे भरून यावेत. कागदाबाहेर मात्र माणसं होती.

माणसांचे नमुने सांगते. एका मुलाला खटपट करून चष्मा मिळवून दिला. पुढच्या वर्षी तक्त्यासमोर उभा केला तर नाकावर चष्मा नाही. विचारलं तर म्हणाला, "आज बाबा घोडेगावला गेल्यात." वडिलांचे डोळे चांगले घारीसारखे होते. पण कचेरीत चष्मा घालून गेलं की साहेब लोक बसायला खुर्ची देतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे तालुक्याला काम निघालं की चष्मा बापाच्या नाकावर आणि पोरगा फळ्यासमोर आंधळा.

मंचरला एका जैन व्यापाऱ्याच्या घरातून निरोप आला, आमच्या नातवाला जंताची गोळी देऊ नका. मी घरी गेले. पिढ्यान् पिढ्या मंचरातच राहिलेलं घर, आजोबा माझ्याशी अस्सल मराठीत बोलले. म्हणाले, गोळीनं जीव मरतात, ते पाप आमच्या नातवाच्या माथी नको. मी डोक्याला हात लावला. मग म्हटलं, "शेठ, तुम्ही सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाही. नातवाच्या पोटातले पाहुणे मात्र रात्रभर जेवतायत." आजोबा बराच वेळ विचार करत बसले. शेवटी नातवाला गोळी दिली आणि स्वतः त्या दिवशी उपास धरला. मला त्या म्हाताऱ्याचा राग येईना. निदान त्यानं विचार तरी केला, आणि पापाची वाटणी स्वतःच्या अंगावर घेतली.

पण जिनं मला खरं पिसाळून सोडलं ती गोष्ट भोर गुरुजींच्या शाळेची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथून मला अजून दर वर्षी हुरड्याचं बोलावणं येतं. धरणाच्या खालच्या अंगाचं, कालव्यामुळे नुकतंच बागायती झालेलं गाव. दोन शिक्षकांची शाळा आणि तिचे मुख्याध्यापक भोर गुरुजी. त्यांच्याकडे तपासणीला जाणं म्हणजे लग्नाला जाणं. दाराला आंब्याचं तोरण, वाटेच्या दगडांना चुना, उंबऱ्यापुढे रांगोळीत 'सुस्वागतम्'. पोरांना सकाळीच हापशावर नेऊन घासूनपुसून आणलेलं, मुलींच्या वेण्यांना लाल रिबिनी, सगळ्यांची नखं कापलेली. आणि दर वर्षी ह्या शाळेत आजारी मूल म्हणून सापडायचं नाही. एखाद्याचा दात किडलेला, बस्स. डॉक्टर खूश, मी खूश. दुसऱ्या शाळांतल्या गुरुजींना मी ऐकवायची, "भोर गुरुजींची शाळा बघून या जरा."

एका वर्षी तपासणी आटोपली आणि डॉक्टरांची जीप एका अडलेल्या बाळंतिणीसाठी परस्पर वरच्या अंगाला गेली. मी एसटीची वाट बघत थांब्यावर उभी राहिले. आमच्याकडची एसटी म्हणजे देवाची मर्जी. ऊन चढलं तशी समोरच्या घरातल्या बाईनं मला ओट्यावर बोलावलं आणि चहा टाकला. तिचं नाव हिराबाई. मी चहाची वाट बघत होते तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक पोरगी कडेवर छोटी कळशी घेऊन आली. कळशी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. नाकपुड्या फुलत होत्या, फ्रॉकमधून छाती भात्यासारखी वरखाली होताना दिसत होती. एवढ्याशा कळशीनं एवढा दम.

मी विचारलं, पोरगी शाळेत का नाही. तिची आई, हिराबाई, चुलीपाशीच होती. म्हणाली, "तिला दम लागतोय जरा. पयल्यापासनं तशीच हाय. आळशी हाय."

पोरीला हे पटलं नाही. तिचं नाव वैशाली. श्वास जागेवर आला तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आज तपासनी हाय ना. तपासनीला मी जात न्हाई."

"का गं?"

"गुरुजी म्हणत्यात, तू धापा टाकतीस. सायबांपुढं बरं दिसत न्हाई."

मी तिला जवळ घेतलं आणि छातीवर तळहात ठेवला. मांडीवरचं मांजर गुरगुरताना हाताला जसं लागतं, तसं काहीतरी आत थरथरत होतं. ते नेमकं काय ते डॉक्टरच सांगणार, पण निरोगी छाती हाताला अशी लागत नाही हे कळायला डॉक्टर व्हायची गरज नाही. तिसरीतली मुलगी. म्हणजे पहिलीपासून दर वर्षी आम्ही तिच्या घरावरूनच शाळेत जात होतो, तोरणाखालून आत शिरत होतो, आणि ही भिंतीला टेकून बसत होती.

चहा तसाच ठेवून मी शाळेकडे निघाले. चालताना मी काय काय बडबडत होते ते वाटेतल्या बायकांनी नंतर मला सांगितलं. ते छापण्यासारखं नाही.

गुरुजी रांगोळी पुसून घेत होते. मला बघून त्यांना वाटलं, माझं काही राहिलं. मी म्हटलं, हो, पोरं राहिली. किती ठेवलीत घरी? गुरुजींनी आढेवेढे घेतले नाहीत, कारण आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. एक कान वाहणारा, दोघं खरूजवाले, एक फिट येणारी, आणि ही धापा टाकणारी.

"बाई, घरी पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतो की नाही?" ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग त्यांनी आणखी समजावलं. एकदा म्हणे शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला आले असताना एका पोरानं त्यांच्या बुटापाशी ओकारी काढली, आणि साहेब शेऱ्यात 'स्वच्छतेकडे दुर्लक्ष' असं लिहून गेले. तेव्हापासून गुरुजींनी धडा घेतला. साहेब गणितं घालायला येणार असले की ज्यांना पाढे येत नाहीत ती पोरं गुरं राखायला, आणि डॉक्टर येणार असले की आजारी पोरं घरी. तपासणी ती तपासणी, त्यांच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता. सगळ्याच शाळा असं करतात, असंही वर म्हणाले.

मी म्हटलं, "गुरुजी, धडधाकट पोरं बघायला मला सरकार पगार देत नाही. त्यांना त्यांच्या आया बघतात. तुम्ही मला सगळा गाव दाखवला आणि आजारीच तेवढे लपवलेत." गुरुजी दुखावले. एवढं तोरण बांधून वर बोलणी खायची, हे त्यांना रुचलं नाही.

आता पेच असा होता की फुकट ऑपरेशन मिळायचं ते शाळेच्या तपासणीत सापडलेल्या मुलाला. ही सापडली होती एसटीच्या थांब्यावर. गुरुजी म्हणाले, "मग पुढच्या वर्षी दाखवू की. कुठे पळून जातेय." त्या क्षणी मी त्यांना काही फेकून मारलं नाही, ह्याचं श्रेय मी माझ्या आईवडिलांच्या संस्काराला देते.

आमचे डॉक्टर तरुण होते, लांबून विदर्भातून आलेले. त्यांनी ऐकून घेतलं, आधी मला झापलं, मग गैरहजर गुरुजींना झापलं, आणि पुढच्या आठवड्यात जीप घेऊन ते पुन्हा त्या शाळेत आले. राहिलेल्या पोरांची तपासणी, अशी त्यांनी सोय काढली. मला सांगायला लाज वाटते, पण गुरुजींनी त्या चार पोरांसाठीसुद्धा पुन्हा तोरण बांधलं होतं. चारच, कारण पाचवी, ती फिट येणारी, तोवर गावातून गेली होती. मामाकडे पाठवली म्हणाले. कुठल्या गावाला ते कोणी धड सांगितलं नाही. मी पुढे बरीच वर्षं त्या मुलीची चौकशी करत राहिले, तिचा पत्ता लागला नाही. फिटच्या गोळ्या तेव्हा आमच्या कपाटात होत्या.

डॉक्टरांनी वैशालीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग तिच्या वडिलांना बोलावून साध्या भाषेत सांगितलं. हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक दिसतंय, पुण्याला तपासून घेऊ, पण ऑपरेशन लागणार. लवकर केलं तर पोरगी चांगली जगेल. आणखी दोन-तीन वर्षं घालवली तर फुप्फुसं खराब होतील, आणि मग कोणी डॉक्टर तिला हात लावणार नाही. पैसे पडणार नाहीत, हेही सांगितलं.

वडील बबनराव शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "यात्रा झाल्यावर बघू."

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात गावची यात्रा आली की लग्नं पुढे जातात, भांडणं मागे पडतात, आजारीसुद्धा माणूस बेतानं पडतो. त्या वर्षी बबनरावांचे बैल गाड्याला जुंपून शर्यतीच्या घाटात पळणार होते. शर्यतीच्या बैलांना दूध होतं, अंडी होती, कणकेचे गोळे होते. वैशालीला चहात बुडवून चपाती होती.

यात्रा झाली. बैल आले तिसरे का चौथे. मी गेले. आता कांदा निघायचा होता. कांदा निघाला. मी पुन्हा गेले. आता पाहुण्यांत लग्न होतं. दर खेपेला एसटीची वाट बघायची, ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतून परत यायचं. पोरगी दर खेपेला थोडी अधिक वाळलेली दिसायची. माझं काम कुणाच्या पोरीला ओढून नेण्याचं नव्हतं, नियमात तसं काही नव्हतं. मी जायची ती केवळ संतापानं.

एकदा तो संताप बाहेर पडला. मी म्हटलं, "बबनराव, तुमचा बैल असा धापा टाकायला लागला असता, तर त्याच दिवशी मोटरसायकलवर गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला असता तुम्ही."

बबनरावांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बैल बाजारात उभा करायचा असतो, बाई. पोरगीबी उद्या पावण्यांपुढं उभी करायची हाय. छातीवर एवढा टाका घेऊन तिला कुटं उभी करू?"

खरं कारण यात्रा नव्हती, कांदा नव्हता, हे होतं. इतके महिने मी ह्या माणसाला अडाणी, हट्टी, काय काय म्हणत आले होते, आणि तो आपला पुढचं बघत होता. चुकीचं बघत होता, पण बघत होता.

चुलीपाशी बसलेली हिराबाई, जिनं मला पोरगी आळशी आहे म्हणून सांगितलं होतं, ती हातातली फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "आन् ऱ्हायलीच न्हाई तर कुणाला उभी करनार?"

मी उठले आणि तशीच शाळेत गेले. भोर गुरुजींना म्हटलं, "ही पोरगी तुम्ही लपवलीत. आता तुम्हीच पुण्याला न्यायची. बापाचं मन तुम्ही वळवायचं. गावात तुमचा शब्द चालतो, तो एकदा कामाला लावा." गुरुजींनी बरंच ऐकवलं, पोर्शन राहिलाय, रजा शिल्लक नाही, गुडघा दुखतो. पण संध्याकाळी ते बबनरावांच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथे काय बोलणं झालं ते मला आजवर ठाऊक नाही. बबनराव तयार झाले एवढं खरं.

पुण्याला नवीनच संकट. ऑपरेशनला रक्त लागणार, घरच्यांनी द्या. गावातून निघताना पोरीसाठी जीव देऊ म्हणणारे बबनरावांचे दोघे भाऊ रक्ताचं नाव निघताच चहा प्यायला गेले ते संध्याकाळच्या गाडीनं गावातच उगवले. रक्त एकदा गेलं की शेतकऱ्याच्या अंगात नांगर धरायची ताकद राहत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. बबनरावही डळमळायला लागले होते. तेव्हा गुरुजी पुढे झाले, बाही वर केली आणि पलंगावर आडवे झाले. उठताना त्यांना घेरी आली, दवाखान्यातल्या नर्सनं त्यांना साखरेचं पाणी पाजलं. ते बघून बबनरावांनी दिलं, का तर गुरुजी घेरी येऊनही मेले नाहीत. ह्या रक्तदानाची हकिगत पुढे गुरुजींनी इतक्या वेळा आणि इतकी वाढवून सांगितली, की ऑपरेशन गुरुजींचंच झालं असं नव्या माणसाला वाटावं. मी मात्र ती दर वेळी मुकाट्यानं ऐकून घेतली.

ऑपरेशन नीट झालं. पोरगी बरेच आठवडे घरात होती, मग शाळेत जायला लागली. माझ्या दुसऱ्या कामांचा डोंगर तुंबला होता, त्यामुळे मला लगेच जाता आलं नाही. गेले ती थेट पुढच्या तपासणीला.

तोरण होतं, चुना होता, 'सुस्वागतम्' होतं. रिबिनी लाल होत्या. एवढं सगळं होऊनही माणूस शिकला असेल, ह्या खात्रीनं मी गुरुजींना सहज विचारलं, सगळी पोरं हजर ना? गुरुजी म्हणाले, सगळी हजर. रांग सुरू झाली. वजनं झाली, दात झाले, आणि एवढ्यात फाटकाशी गलका ऐकू आला.

वैशाली येत होती. एका हातानं तिनं कान वाहणाऱ्या पोराला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं डोक्यात गळवं झालेल्या एका लहानग्या पोरीला. दोघंही मागे ओढत होती आणि ही त्यांना खेचत, चढावरून, चालत आणत होती. माझ्यापुढे आणून तिनं त्यांना उभं केलं.

"बाई, ह्या दोघांना गुरुजींनी घरी ऱ्हायाला सांगितलं व्हतं."

मी गुरुजींकडे बघितलं. स्वतःचं रक्त दिलेला हा माणूस तोरणाखाली उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जराही अपराधीपणा नव्हता. उलट मीच काहीतरी समजून घेत नाही अशा वैतागानं ते म्हणाले, "अहो बाई, तिचं हृदयाचं होतं, ते वेगळं. ही नुसती कान फुटलेली, गळवं आलेली. ह्यांना कशाला दाखवायचं?"

माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकी हताश कधी झाले नव्हते. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मला तेव्हा कळलं की ती पोरगी त्या दोघांना ओढत चढ चढून आली होती आणि तिच्या नाकपुड्या फुललेल्या नव्हत्या. ती नुसती घामाघूम झाली होती, कुठल्याही पोरीसारखी.

कान पुसला, गळवं धुतली. वैशाली रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली होती. तिची पाळी आल्यावर तिनं आपणहून गळ्याशी फ्रॉकचं बटण काढलं. वरून खाली गेलेला टाक्यांचा जाड व्रण होता. मी त्याच्या बाजूला तळहात ठेवला. गुरुजीही जवळ येऊन वाकून बघू लागले.

"काय लागतंय हाताला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काही नाही, गुरुजी," मी म्हटलं. "काहीच लागत नाही."